चारूभाऊजींची चढती रेघ

माझे धाकटे दीर चारुदत्त यांना एक मुलगी जवळजवळ पसंत करून बसली होती. जबलपूरची, शाळेत शिकवणारी, दिसायला यांच्यापेक्षा पुष्कळ बरी. मी दोघांना गच्चीवर बसवलं, चहा दिला आणि शहाण्यासारखी खाली आले. अर्ध्या तासाने वर जाऊन बघते, तर हे महाशय बिस्किटाच्या पुड्याचा कागद उलटा करून तिला हिल्सा माशाचा भाव दर वर्षी कसा चढत गेला त्याचा ग्राफ काढून दाखवतायत. मुलगी शाकाहारी!

जाताना ती मला म्हणाली, "वहिनी, माणूस फार चांगला आहे हो. पण अर्धा तास त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. रेघेकडेच बघत होते."

तर असे आमचे भाऊजी. मी लग्न होऊन साताऱ्याहून कोलकात्याच्या बेहाल्यात आले तेव्हा हे अकरावीत होते. मिशी फुटायची होती, आणि मी मुद्दाम अहो-जाहो करायची. "भाऊजी, दूध प्यायलात का?" म्हटलं की कान लाल व्हायचे. आता एकोणसाठचे आहेत, कान अजून तसेच लाल होतात, म्हणून मीही अहो-जाहो सोडलेली नाही. घरातल्या प्रत्येक गोष्टीचा यांच्याकडे ग्राफ आहे. विजेच्या बिलाचा आहे, नूपुरच्या उंचीचा आहे, माझ्या साखरेचा तर आहेच आहे. नूपुर म्हणजे माझी नात, माझ्या मुलाची, कुणालची मुलगी, नववीत आहे. मी एक रसगुल्ला जास्त खाल्ला की पुढच्या रिपोर्टनंतर लाल पेनाने एक ठिपका वर चढतो आणि हे काही न बोलता चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. त्यापेक्षा सरळ ओरडले असते तर बरं.

नोकरी तारातल्याजवळच्या एका पंख्यांच्या कारखान्यात. छताचे पंखे. तिथे टाइम ऑफिसात, म्हणजे मस्टर आणि पगार बघायचा तो विभाग, छत्तीस वर्षं. आणि तिथल्या भिंतीवर यांचा सगळ्यात लाडका ग्राफ. आठ फूट लांब, कागदाला कागद चिकटवून केलेला. खाली वर्षं, उभ्या बाजूला रुपये, आणि दर वर्षी एक हिरवा ठिपका. कारखान्यातल्या माणसाचा सरासरी महिन्याचा पगार. एकतीस मार्चला मस्टरवर जितकी माणसं, त्यांच्या पगाराची बेरीज भागिले तितकी माणसं. झाला ठिपका. मागच्या ठिपक्याला पट्टीने जोडला की झाली रेघ.

कोलकात्यात विश्वकर्मा पूजेला कारखान्यातली यंत्रं बंद असतात, वर आभाळभर पतंग असतात, आणि कामगारांच्या घरची माणसंही त्या दिवशी आत येतात. मीही दर वर्षी जाते, खिचुरीसाठी, म्हणजे इथल्या खिचडीसाठी. पूजा झाली की सगळे टाइम ऑफिससमोर जमतात आणि चारूबाबू नवा ठिपका वाचतात. ही पद्धत यांनीच पाडली. पट्टी हातात घेऊन उभे राहतात आणि बंगालीत सांगतात, गेल्या साली इथे होतो, यंदा इथे आलो, कारखाना चढतोय. लोक टाळ्या वाजवतात. खरं सांगू का, ग्राफ कुणाला कळत नव्हता. पण वर जाणारी रेघ सगळ्यांनाच कळते. शिवाय वाचणारा माणूस असा, की ज्याने छत्तीस वर्षांत कुणाचा अर्धा दिवस चुकीचा कापलेला नाही. चारूबाबू म्हणाले म्हणजे झालं.

यंदा ऑगस्टच्या शेवटी एका रविवारी सकाळी शेफालीदी घरी आली. ही वाइंडिंग विभागातली. पंख्याच्या मोटरला बारीक तांब्याची तार गुंडाळायची, ते काम बायकाच करतात. बारा जणी आहेत, ही त्यांच्यातली मोठी. बोटांची टोकं तारेने कापून कापून गुळगुळीत झालेली. आल्या आल्या तिने मला एक लौकी दिली, दारच्या वेलावरचा दुधी, आणि पिशवीतून एक कागद काढून भाऊजींसमोर ठेवला.

"चारूबाबू, हे बघा. आम्हा बारा जणींना कॉन्ट्रॅक्टरकडे देणार म्हणे. काम तेच, जागा तीच, पगार तोच. फक्त मस्टर वेगळं. विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी सह्या द्यायच्या."

भाऊजींनी कागद दोनदा वाचला. "सलीलबाबू काय म्हणाले?"

सलीलबाबू म्हणजे तिथले नवे मॅनेजर. पोरगेला माणूस, वाईट नाही.

"म्हणाले, कंपनी काही बुडत नाहीये, ग्राफ बघा की, एकदाही खाली आलेला नाही. चारूबाबू वाचतीलच त्या दिवशी." शेफालीदीने चहाची बशी बाजूला सारली. "आमचं ठरलंय. तुम्ही वाचा. तुम्ही म्हणालात कंपनी चढतेय, काळजी नाही, तर बाराच्या बारा सह्या करू. तुम्ही नाही म्हणालात तर एकही नाही."

"अगं, पण मी काय—"

"बौदी, सांगा ना यांना," ती माझ्याकडे वळली. इथे वहिनीला बौदी म्हणतात. "आमच्यात शिकलेलं कोण आहे? यांच्याशिवाय विचारायचं कुणाला?"

ती गेल्यावर भाऊजी जरा खुशीत होते. मला दिसत होतं ना. कुणी आपल्या ग्राफवर इतका विश्वास ठेवतंय! म्हणाले, "वहिनी, ग्राफ खोटं बोलत नाही."

मी म्हटलं, "नाही हो. तो बोलतच नाही. बोलता तुम्ही."

हे मी नुसतं चिडवायला म्हटलं होतं. अक्कल होती म्हणून नव्हे.

अक्कल निघाली ती नूपुरकडून. तिला शाळेत प्रोजेक्ट होतं, सरासरी आणि आलेख, घरातल्या कुणाच्या तरी कामातला खरा आकडा घेऊन. चारूआजोबांनी आनंदाने आपल्या वहीतले सगळे आकडे दिले. पोरगी दोन दिवस कॉम्प्युटरवर काहीतरी करत होती आणि मग बुधवारी जेवताना म्हणाली, तिच्या त्या कोलकात्याच्या मराठीत,

"आजोबा, लॉकडाऊनच्या साली तुमच्याकडे इन्क्रिमेंट झाला होता?"

"छे. कुणाला एक रुपया नाही. माझाही थांबला होता."

"मग लाइन इथे एवढी वर कशी गेली? सगळ्यात मोठा उडी तिथेच आहे. अठरा हजारवरून तेवीस हजार अडीचशे."

भाऊजींचा घास हातात राहिला. "वहीत चूक असेल."

"नाही, मी तीनदा केला."

"मग भागाकार..."

"भागाकार पण बरोबर आहे, आजोबा."

ताट तसंच टाकून उठले. मी म्हटलं, आमटी गार होतेय. ऐकतोय कोण! जुन्या वह्या काढल्या, दिवाणखान्यात जमिनीवर पसरल्या आणि बोट ठेवून ठेवून बघायला लागले. मग बोट थांबलं. नूपुर शेजारी बसली होती, मी दारात. 

"पॅकिंग," भाऊजी म्हणाले. बास, एवढंच.

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं, आणि पहिल्यांदाच मी बघितलं की यांना ग्राफ समजावताना आनंद होत नाहीये. लॉकडाऊनच्या आधी मस्टरवर साठ माणसं होती. ऑफिस आणि फिटर मिळून वीस, त्यांचा पगार साधारण तीस हजार. वाइंडिंग आणि पॅकिंगची चाळीस माणसं, त्यांना बारा हजार. सरासरी आली अठरा. मग त्याच वर्षी पॅकिंगची अठ्ठावीस माणसं कॉन्ट्रॅक्टरकडे दिली. मस्टरवर बत्तीस उरली. वीस मोठ्या पगारांची, बारा लहान पगारांची. पगार कुणाचाच वाढला नाही. पण लहान पगाराची अठ्ठावीस माणसं बेरजेतून गेली, म्हणून सरासरी वर उडाली.

"म्हणजे," मी म्हटलं, "आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या महिला शाखेसारखं?"

दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"अहो, गेल्या वर्षी आपल्या सेक्रेटरी वृंदाने अहवालात नाही का लिहिलं, आपल्या शाखेचं सरासरी वय सदुसष्टवरून बासष्टवर आलं, शाखा तरुण होत आहे, अभिनंदन! टाळ्यासुद्धा पडल्या. तरुण कोण झालं? सर्वांत म्हाताऱ्या चौघी कमी झाल्या. तिघी मुलांकडे पुण्याला गेल्या, आणि बिचाऱ्या गोखलेकाकू तर वरच गेल्या. बाकीच्यांचे गुडघे होते तसेच आहेत."

नूपुर फिसकन हसली. भाऊजी हसले नाहीत. म्हणाले, "हो वहिनी. अगदी तसंच. आणि त्या वर्षी मीच विश्वकर्म्याला पट्टी घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो, बघा, एवढ्या कठीण काळातही कारखान्याने किती मोठी उडी मारली."

"तुम्हाला तेव्हा कळलं नाही?"

"मी दर वर्षी एकच ठिपका काढतो ना. भागाकार करतो, ठिपका देतो. किती माणसं, हा आकडा भागाकारापुरता वापरतो आणि पुसतो."

छत्तीस वर्षं मस्टर सांभाळलेला माणूस हे बोलतोय. मला चिडवावंसंही वाटलं नाही, म्हणजे बघा.

पुढचे चार-पाच दिवस यांच्या वह्या दिवाणखान्यातच पसरलेल्या. मग एका संध्याकाळी ऑफिसातून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, सलीलबाबूंशी बोललो. मी चहा पुढे केला आणि गप्प बसले. मला गप्प बसता येतं, लोकांना वाटतं तसं नाही.

सलीलबाबू म्हणाले होते, "दादा, आकडा खोटा आहे का?"

"नाही."

"भागाकार चुकलाय?"

"नाही."

"मग वाचायला काय हरकत आहे? तुम्ही दर वर्षी वाचता तेच वाचा. एवढंच तर मागतोय."

"आणि खरंच आहे हो ते," भाऊजी मला म्हणाले. "खोटा आकडा असता तर मी सरळ नाही म्हटलं असतं. आकडा बरोबर आहे. मी त्याचा अर्थ सांगत आलो तो चुकीचा आहे. आता हे उभं राहून सांगायचं कसं? लोक म्हणतील, चारूबाबू, मग पाच वर्षं काय करत होतात?"

"म्हणतीलच," मी म्हटलं. "मीही म्हणेन."

"तुम्ही धीर देताय की काय करताय?"

"चहा देतेय. धीर तुमचा तुम्ही बघा. पण नुसता ठिपका वाचून आलात, तर त्या बाराजणी सही करणार आहेत. तुमच्या तोंडाकडे बघून."

चहा संपवून उठले. रात्रभर जागले वगैरे असंही नाही, दहाला घोरत होते. पण सकाळी बघते तर डायरीच्या मागच्या पानावर एक आकडा लिहून त्याला दोनदा गोल केलेला. अडतीस हजार. नूपुरला विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, या बाराजणी गेल्या ना, तर पुढच्या साली सरासरी अडतीस हजार होईल. आत्ता एकोणतीसच्या वर आहे. "आजी, आजपर्यंतचा सगळ्यात मोठा उडी."

शेफालीदीला महिना पंधरा हजार मिळतात.

विश्वकर्म्याच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. पूजा झाली, हत्तीवरच्या मूर्तीला हार झाले, पोरं गच्चीवर पतंग घेऊन पळाली. बाराच्या सुमाराला लोक टाइम ऑफिससमोर जमले. वाइंडिंगच्या बायका पुढेच होत्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. सलीलबाबू खुर्चीत, हातात प्रसादाचा द्रोण. भाऊजींनी पट्टी घेतली. कान लाल.

आधी नेहमीप्रमाणे ठिपका वाचला. एकोणतीस हजार तीनशे पंचाहत्तर. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांबा. अजून वाचून झालेलं नाही."

मग खिशातून काळं पेन काढलं आणि प्रत्येक ठिपक्याखाली एकेक आकडा लिहायला लागले.  साठ, एकसष्ट, साठ, साठ... आणि मग बत्तीस. बत्तीस, बत्तीस, बत्तीस. लोकांत कुजबुज. एक फिटर म्हणाला, "दादा, हे काय, आमचे नंबर काय?"

"ही माणसं," भाऊजी म्हणाले. "या ठिपक्यात किती माणसं आहेत ते. मी हे कधी लिहिलं नव्हतं. इथे साठ होती, इथे बत्तीस. त्या वर्षी कुणाचा पगार वाढला होता? हात वर करा."

कुणाचा हात वर गेला नाही.

"तरी रेघ वर गेली. कारण कमी पगाराची माणसं यातून निघाली. मी तुम्हाला सांगितलं, कारखाना चढतोय. ते या कागदात लिहिलेलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने म्हटलं." पेन खिशात ठेवलं. "पुढच्या वर्षी या बाराजणी यात नसल्या तर ठिपका इथे जाईल." पट्टी पार कागदाच्या वरच्या कडेला टेकवली. "तेव्हा मी रिटायर झालेलो असेन. जो कुणी वाचेल तो म्हणेल, काय उडी मारली! तर ती उडी म्हणजे काय, हे आज सांगून ठेवतो."

सलीलबाबूंनी द्रोण खाली ठेवला. "दादा, पूजेच्या दिवशी हे..."

"वाचायला तुम्हीच सांगितलंत, सलीलबाबू."

शेफालीदी उठून उभी राहिली. मला वाटलं आता आभार मानते. कसले आभार!

"चारूबाबू, पॅकिंगमध्ये माझी बहीण होती. मालती. ती गेली तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं. इथेच, या दारात. तुम्ही म्हणालात, चिंता करू नको, ग्राफ बघ. आठ महिन्यांत कॉन्ट्रॅक्टरने तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. मी समजले, तिचं नशीब. तेव्हा का नाही लिहिलेत हे आकडे?"

 वर गच्चीवर कुणाचा तरी पतंग कटला, पोरं ओरडली.

"बघितलं नाही," भाऊजी म्हणाले. "ठिपका बघत होतो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. यांनीही नजर काढली नाही. मी चाळीस वर्षं यांना ओळखते, एवढा वेळ माणसाच्या तोंडाकडे बघताना पहिल्यांदा पाहिलं.

"मग आता सांगा. सही करायची की नाही?"

"ते मी नाही सांगणार. या कागदात तुमच्या पगाराचं काहीच नाही. ज्यात आहे, ते तुमच्याचकडे आहे. तुमच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि मालतीची गोष्ट. त्या दोन्ही बघून ठरवा. माझ्या तोंडाकडे बघून नको."

बायका एका कोपऱ्यात जमल्या. खिचुरी गार व्हायला लागली, तरी कुणी वाढा म्हणेना. मलाही भूक लागली होती, पण तोंड उघडलं नाही, याची नोंद कुणीतरी घ्यावी. अर्ध्या तासाने शेफालीदी आली आणि सलीलबाबूंना म्हणाली, सही दोघी करतील. एकीची मुलगी लग्नाची आहे, एकीला गावी जायचंय, त्यांना कॉन्ट्रॅक्टर दुर्गापूजेआधी उचल देणार आहे. बाकी दहा जणी नाही. आमचं मस्टर आहे तिथेच ठेवा.

"दिदी, वरून विचारलं तर मी काय सांगू?"

"ग्राफ दाखवा," शेफालीदी म्हणाली. "खालचे आकडे पण."

ते प्रकरण दुर्गापूजेनंतरवर गेलं, ते अजून तसंच आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही आणि मी उगाच छातीवर हात ठेवून सांगणार नाही. दहा जणी अजून मस्टरवर आहेत, एवढं खरं. भाऊजींना कुणी काही बोललं नाही, पण टाइम ऑफिसात आता चहा दोन फेऱ्यांऐवजी एकच येतो, असं यांच्याच तोंडून निसटलं.

शेफालीदी यांच्याशी कामापुरतंच बोलते. मी म्हटलं, लौकी बंद झाली वाटतं. तर म्हणाले, "तिचा राग बरोबर आहे, वहिनी." आणि लगेच पुढे म्हणाले, "पॅकिंगची ती अठ्ठावीस माणसं कुठे आहेत, काय मिळवतात, हे मला माहीतच नाही. रेघेच्या बाहेर गेली की संपली."

आता दर रविवारी बाहेर पडतात. जुन्या मस्टरमधले पत्ते घेऊन, छत्री आणि वही घेऊन. एकेकाचं घर शोधायचं, बसायचं, विचारायचं, त्या वर्षी किती, पुढे किती, आता किती. नूपुरने बजावून ठेवलंय, आजोबा, यांचा ॲव्हरेज काढायचा नाही, प्रत्येकाची वेगळी लाइन. तर तसंच चाललंय. एक जण हावड्याच्या फेरीघाटावर तिकिटं फाडतो. एक जण त्याच कारखान्यात, त्याच टेबलावर, कॉन्ट्रॅक्टरकडून दिवसावर काम करतो. बारा हजारांचे आता नऊ मिळतात. एकाची रेघ मात्र चढलीय, त्याने टोटो घेतली, ती बॅटरीवरची रिक्षा. मालती बऱ्याच फेऱ्यांनंतर भेटली. दार उघडलं, यांना ओळखलं, आणि दारातच अर्धा तास मनसोक्त बोलून घेतलं. मग म्हणाली, आता आत या, उन्हात उभे राहून काय मिळणार.

गेल्या रविवारी बजबजला गेले होते, लोकलने. संध्याकाळी आले ते घामाघूम. मी विचारलं, "भेटला का?"

"भेटला. खूप शिव्या दिल्या."

"मग?"

"मग मुढी दिली, कुरमुऱ्यांत कांदा घालून." चष्मा पुसत खुर्चीत बसले आणि वही उघडली. "एकोणीस झाले, वहिनी. नऊ राहिलेत."